उन्हाचं इंजेक्शन

माझ्या थोरल्या बहिणीला जो रोग झाला, त्याचं नाव आमच्या घरात कुणालाच नीट उच्चारता येत नव्हतं. मला येत होतं आणि त्याचा मला अभिमान होता. पुढचं पुष्कळसं त्या अभिमानातून घडलं, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

मी तेव्हा निपाणीत इंग्रजीचा मास्तर होतो. आक्का वडगावात, बेळगावच्या विणकरांच्या वस्तीत दिलेली. सासू म्हणजे आमची सख्खी आत्याच, त्यामुळे लग्नात नवीन नातेवाईक असे फारसे मिळाले नाहीत. जुनेच जरा जवळ सरकले. आत्याचा मुलगा, म्हणजे आक्काचा नवरा, लग्नानंतर माझा दाजी झाला. घरात खड्ड्यातले दोन माग होते, एकावर दाजी, दुसऱ्यावर आक्का. खोलीला खिडकी होती, पण सूत वाळून तुटू नये आणि रंग उडू नये म्हणून ती बंदच असायची. आक्का सकाळी खड्ड्यात उतरायची ती दिवेलागणीला वर यायची.

आधी तिचा उजवा डोळा अंधुक झाला. सहा आठवड्यांनी आपोआप सुधारला. सुधारला तेव्हा आत्याने नवस केलेला होता, दाजींनी कसला तरी अर्क आणलेला होता आणि मी चष्मा करून दिलेला होता. तिघांनीही आपापल्या मनात श्रेय घेतलं. त्या रोगाची ही खोडच आहे. तो स्वतःहून ओसरतो आणि त्या वेळी जो जवळ उभा असेल त्याला वैद्य बनवतो.

दोन वर्षांनी पाय गेले. एकदम नाही. माग चालवायला पायाने दाबायच्या पावड्या पायाला लागेनाशा झाल्या. ती म्हणाली, “पाय पावडीवर हाय का खाली हाय, बघितल्याबिगर कळंना झालंय.” मग ती अंगणात पडली. आम्ही तिला मिरजेला नेलं. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढून तपासलं आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस हे नाव सांगितलं. विजेच्या तारेवरचं रबर उंदराने जागोजागी कुरतडावं, तसं नसांवरचं आवरण जातं, म्हणाले. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिच्यातल्या हार्मोनची इंजेक्शनं त्यांनी काही आठवडे दिली. पायात जीव आला. निघताना ते म्हणाले, “हा रोग येतो आणि जातो. मुळापासून घालवणारं औषध नाही. उष्णतेपासून जपा.” इतकं सरळ बोलणाऱ्या डॉक्टरवर आमच्याकडे कुणाचा विश्वास बसत नाही. माझाही पुरता बसला नाही.

वाचनालयात जुन्या इंग्रजी मासिकांचा एक गठ्ठा कुणी तरी दान दिलेला होता. दात्याचा सत्कार गठ्ठ्यापेक्षा मोठा झाला होता, हे मी तेव्हा सर्वांना सांगत असे. त्या गठ्ठ्यात मला एक लेख सापडला. हा रोग थंड, ढगाळ देशांत जास्त आणि उन्हाच्या देशांत कमी आढळतो. ऊन अंगावर पडलं की कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं. कदाचित त्याचा आणि या रोगाचा संबंध असेल. लेखात ‘कदाचित’ हा शब्द चार वेळा होता. मी वडगावात जाऊन जे व्याख्यान दिलं त्यात तो एकदाही आला नाही.

व्याख्यान हा शब्द मी जपूनच वापरतो आहे. शाळेतला पृथ्वीचा गोल पिशवीत घालून मी बसने बेळगावला गेलो होतो. गोल फिरवून वरचे देश दाखवले. आत्या सुताच्या कांड्या भरता भरता ऐकत होती.

“एवढं लांब कशाला जातोस?” ती म्हणाली. “आमच्या मागाच्या खोलीत तरी ऊन कुठं हाय?”

“तेच तर सांगतोय मी!”

“मग गोल कशाला आणलास रं? जड न्हाय झाला?”

दुसऱ्या दिवशी आक्काला गच्चीवर उन्हात बसवलं. फाल्गुन संपत आला होता. अर्ध्या तासात तिची नजर पुन्हा धूसर झाली आणि पाय लुळे पडले. दाजींनी आणि मी तिला खुर्चीसकट खाली आणलं. अंगावर ओले पंचे टाकले तेव्हा तासाभराने ती हलली. डॉक्टरांनी उष्णतेपासून जपा म्हणून सांगितलं होतं, पण मासिकात वेगळं छापलं होतं. मी तरीही हार मानली नाही. म्हणालो, ऊन सोसत नसेल तर त्याचं इंजेक्शनही मिळतं. सगळ्यांनी ऐकलं.

यानंतर आक्का विश्रांतीला म्हणून निपाणीला माहेरी आली आणि दोन महिने राहिली. तिथल्या एका डॉक्टरांनी तिला ‘ड’चं एक तेलकट इंजेक्शन दिलं. “हे पुष्कळ दिवस पुरतं,” ते म्हणाले. “तीन महिन्यांनी बघू.” तिला चार दिवसांनी जरा हुशारी वाटली. एकाने एवढं, तर चारांनी किती, असा हिशेब इंग्रजीच्या मास्तराने केला. उरलेली तीन मी दुसरीकडच्या एका कंपाउंडरकडून, पंधरा-पंधरा दिवसांनी देववली.

आमच्या भागात औषध द्यायची एक रीत आहे. काविळीचा पाला असो, मुतखड्याची मुळी असो, देणारा ती काय आहे ते सांगत नाही आणि घेणारा कुणी दिली ते सांगत नाही. बोललं की गुण जातो. आजही शिकलीसवरलेली माणसं पाला खाऊन गप्प राहतात. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण प्रत्येक वेळी दवाखान्यातून बाहेर पडताना मी आक्काला म्हणालो, “कुणाला बोलू नकोस गं.” माझं कारण गुणाचं नव्हतं, निदान मी स्वतःला तसं सांगत होतो. इलाज लागू पडला असता तर मी स्वतःच जाहीर करणार होतो. नसता पडला तर तो झालाच नव्हता.

ज्येष्ठात ती वडगावला परत गेली, स्वतःच्या पायांनी बस चढून. भाद्रपदात दाजींचा निरोप आला की लगेच ये.

आक्का भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. अन्न पोटात ठरत नव्हतं. आठ दिवस शौचाला झालं नव्हतं. तहान मात्र अशी की उशाशी ठेवलेला तांब्या भरून वळेपर्यंत रिकामा. हाक मारली की डोळे उघडायची, मला ओळखायची आणि वाक्य अर्धवट सोडून झोपायची. रोग आता पोटात उतरला, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. मिरजेच्या गाडीत आम्ही तिला बाकावर आडवं केलं. घटप्रभा, रायबाग, कुडची, प्रत्येक स्टेशनवर दाजी तांब्या घेऊन नळाकडे धावायचे आणि गाडी हलता हलता चढायचे. आत्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती, “एवढं पाणी जातंय कुठं?”

मिरजेत त्याच डॉक्टरांनी तिला तपासलं, पाय ठोकून पाहिले, डोळ्यांत बॅटरी मारली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“हे तिच्या रोगात बसत नाही,” ते म्हणाले. “उलट्या, तहान, ही झोप. मधल्या काळात काही औषध दिलं? गोळी, इंजेक्शन, काढा?”

“न्हाय,” आत्या म्हणाली.

“न्हाय जी,” दाजी म्हणाले.

मी मान हलवली, आडवी. माझी चार इंजेक्शनं आता जुनी झाली, त्यांचा इथे काय संबंध, असं मला त्या क्षणी खरंच वाटलं. एवढंच वाटलं असतं तर बरं होतं. डॉक्टर मला ‘मास्तर’ म्हणत आणि बरोबरीने बोलत, हेही वाटलं.

कूस बदलताना नर्सने विचारलं, “कमरेवर या गाठी कसल्या?”

“डास चावल्यात,” आत्या म्हणाली. “वडगावात लई डास.”

नर्सने आत्याकडे पाहिलं आणि पातळ सारखं केलं.

रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी, मंगळवारी आला. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. रक्तातलं कॅल्शियम भलतंच वर गेलं होतं. झोप आणि तहान त्याचीच होती. गळ्यात ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या चार ग्रंथी असतात, ते सांगू लागले, त्यांच्या हार्मोनवर कॅल्शियम चालतं. त्यातली एखादी बिघडून वाढली की असं होतं. दुसरं कारण त्यांना दिसत नव्हतं. गुरुवारी सकाळी सर्जन गळा उघडून गाठ शोधतील.

“एवढ्या अशक्तपणात?” मी विचारलं.

“धोका आहेच. भूल सोसेल की नाही सांगता येत नाही. पण थांबलो तर मूत्रपिंडं जातील.”

मी खाटेकडे परत गेलो आणि बसलो. कॅल्शियम. तो शब्द मी वाचलेला होता. त्याच लेखात, पुढच्या पानावर. ‘ड’ जीवनसत्त्व आतड्यातून कॅल्शियम ओढून घेतं, असं तिथे लिहिलं होतं. ते पान मला रटाळ वाटलं होतं, म्हणून व्याख्यानात वगळलं होतं.

आक्काचा गळा माझ्यासमोर होता. काळी पोत बाजूला सरकलेली. गुरुवारी तो उघडणार होते आणि आत कदाचित काहीच नसणार होतं.

मी उठलो आणि डॉक्टरांना गाठून सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

“किती? शेवटचं कधी?”

“चार. शेवटचं अडीच महिन्यांपूर्वी.”

त्यांनी खिशातल्या चिठ्ठीवर आकडे मांडले. “चारही जास्तच आहेत. ते चरबीत दडून बसतं, महिनोन्‌महिने. पण तेवढ्यानं आता, इतक्या उशिरा, इतकं वर? मला पटत नाही. आणखी दिली असतील तर गोष्ट वेगळी. मग सुरीची गरजच नाही. दिली नसतील तर गाठ आहे असं धरून मला पुढे जावं लागेल.” त्यांनी चिठ्ठी खिशात ठेवली. “उद्या संध्याकाळपर्यंत नक्की काय ते सांगा. अंदाज नको.”

दवाखान्याच्या मागे नातेवाइकांसाठी स्वयंपाकाची शेड होती. आत्या तिथे स्टोव्हवर भाकरी थापत होती, दाजी पंप मारत होते.

“आत्या, आक्काला वडगावात कुणी इंजेक्शन दिलंय का?”

“मला काय इचारतोस? डाक्टरला इचार.”

“मी दिली. निपाणीत. चार.”

भाकरी परातीतच राहिली. “चार? आन् कुणाला न इचारता? पुस्तकं वाचून वाचून डोस्कं फिरलंय तुझं! पोरगी मारतोस का काय?”

“म्हणूनच विचारतोय. तू दिलंस का?”

“न्हाय.”

“आत्या, गळा कापणार आहेत तिचा. दिली असतील तर कापायला नको.”

“न्हाय म्हटलं न्हवं एकदा?” तिने भाकरी तव्यावर टाकली. ती टाकताना हात चुकला आणि भाकरीची घडी पडली. साठ वर्षं भाकऱ्या थापलेल्या बाईचा हात चुकत नाही.

“दाजी?”

“आम्हाला काय कळतंय त्यातलं,” दाजी म्हणाले आणि पंप मारत राहिले. स्टोव्ह केव्हाचा भरभर पेटला होता.

मी तिथून उठलो. दोघंही खोटं बोलत आहेत असं मला वाटलं, पण ते माझं वाटणं होतं आणि डॉक्टरांना अंदाज नको होता. शिवाय आत्या का गप्प आहे हे मला कळत होतं. तिने काही दिलं असेल, तर त्याच्याच जोरावर सून अजून श्वास घेते आहे असं ती मानत असणार. तोंड उघडलं की तो आधार गेला. तिच्या हिशेबात मीच पोरीला मारायला निघालो होतो.

बुधवारी दुपारी नर्स सलाईनची सुई लावायला आली. आत्या उशाशी होती, मी पायाशी. दाजी औषधं आणायला गेले होते. स्पिरिटचा बोळा हाताला लागताच आक्का चाळवली. डोळे न उघडता, अगदी घरच्या आवाजात बोलली:

“आत्या, आज नगं. परवाच ह्यांनी दिलंय की. कंबर लई दुखतीया.”

नर्स थांबली. आत्या माझ्याकडे बघत नव्हती. ती आक्काच्या तोंडाकडे बघत होती. मी काही बोलणार होतो, पण शब्द जमवेपर्यंत ती उठली. पदर डोक्यावरून घेतला आणि चालू लागली.

त्या वेळी वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टरांची फेरी चालू होती. पुढे डॉक्टर, मागे विद्यार्थी आणि त्यांच्या मागे कागद धरलेली एक मोठी नर्स, अशी मिरवणूक. एरवी मी त्यावर काही तरी मनातल्या मनात म्हटलं असतं. आत्या सरळ त्या मिरवणुकीत शिरली.

“डाक्टर, म्या दिल्यात. उन्हाची इंजेक्शनं. अमावास्येला आन् पुनवेला, माग बंद असतोय तवा, कंपाउंडरकडं नेऊन. पाच. आता मी बोलले. हिचा गुण गेला तर तुमी बघायचं. मी बोलले म्हणून ती जायला नगं.”

डॉक्टरांनी आकडा लिहून घेतला. “पाच आणि चार, नऊ. आणखी कुणी?”

दाजी औषधांची पुडी घेऊन दारात उभे होते. त्यांनी पुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“आमची चार,” ते म्हणाले. “सूत आणायला शहापूरला जात हुतो, तिथनं. तिला संगं घिऊन.”

आत्या गर्रकन वळली. “मुडद्या, खरंच तू पन? आन् मला म्हणालास, वाटेत हिला देवळात नेतो!”

“तू तरी कुठं सांगितलंस?”

एक विद्यार्थी हसला. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं तेव्हा तो थांबला.

“तेरा,” डॉक्टर म्हणाले. “एकाची मात्रा तीन महिन्यांची असते.” त्यांनी मोठ्या नर्सला सर्जनसाठी चिठ्ठी दिली. गुरुवारचं ऑपरेशन रद्द झालं.

मोकळं वाटायला हवं होतं, पण तसं झालं नाही. गळा वाचला होता, आक्का अजून वाचलेली नव्हती. सलाईनच्या बाटल्या एकामागून एक लागल्या. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी बसलेल्या असतात, त्यांच्या हार्मोनसारख्या गोळ्या सुरू झाल्या. दूध बंद. लघवीचं माप ठेवायचं काम दाजींनी घेतलं. विणकराच्या काटेकोरपणाने ते रेघ बघत, डोळ्यासमोर धरून, आणि नर्सला सांगत. शुक्रवारी कॅल्शियम तेवढंच वर होतं. रविवारी किंचित खाली, पण आक्का त्या दिवशी मला ओळखू शकली नाही. आत्या वॉर्डच्या बाहेर पायरीवर बसून राहिली. मी शेजारी जाऊन बसलो तर म्हणाली, “बोलले म्हणून झालं काय रं हे?” मी “नाही” म्हणालो. माझ्या ‘नाही’ला आता कितीशी किंमत होती ते तिला ठाऊक होतं. तरी तिने मान डोलावली.

त्या दिवसांत एकदा मी डॉक्टरांना विचारलं, “पण मुळात तिच्या रोगाला या ‘ड’चा काही उपयोग आहे का?”

“नावाला ते जीवनसत्त्व आहे,” ते म्हणाले. “वागतं हार्मोनसारखं. शरीर स्वतःच बनवतं आणि स्वतःच मोजून वापरतं. उपयोग? कदाचित. मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे असं वाटतं, त्यांच्यापासून जरा लांब राहा.”

हे ते माझ्याकडे न बघता म्हणाले. तेवढा मोठेपणा त्यांच्यात होता.

दहाव्या दिवशी आक्काने झुणका मागितला. बाराव्या दिवशी ती उशीला टेकून बसली आणि आम्हा तिघांकडे एकेक करून बघितलं, जणू आम्हीच आजारी होतो. मूत्रपिंडं पूर्वीसारखी होणार नाहीत, पण चालतील, असं डॉक्टर म्हणाले होते. पायांचं काही सांगता येत नव्हतं. तो मूळचा रोग होता आणि तो कुठेच गेला नव्हता. पुढची कितीतरी वर्षं तो येत-जात राहिला.

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. माझी चार, आत्याची पाच, दाजींची चार. गळ्याचं आणि सुरीचंही. आत्या पदराशी चाळा करत होती. दाजी खिडकीबाहेर बघत होते.

आक्काने एकेक आकडा बोटांवर मोजला.

“तू म्हणालास बोलू नगं,” मग ती म्हणाली. “आत्या म्हणाली बोलू नगं. ह्यांनी तर देवाची आन घातली. मी तिघांचंबी राखलं. मला वाटलं, येगयेगळी औषधं असतील. सगळी तेलकटच हुती, पर मला काय कळतंय? तुमी तिघं एकमेकाला सोडा, मला तरी इचारलासा काय, तुला किती झाली म्हणून? टोचून मीच घेत हुते न्हवं?”

“डॉक्टरांनी विचारलं होतं गं,” मी म्हणालो. “इथं आलो तेव्हा.”

“तवा मी झोपेत हुते,” आक्का म्हणाली. “त्याच्या आधी चार म्हैने जागी हुते.”

मग तिने कूस बदलायला मदत मागितली, तेव्हा आम्ही तिघंही एकदम उठलो.

“एकानं या,” ती म्हणाली.